चिनी पाहुणीचा बैल

बाबा,

काल आमच्या कॉलनीतल्या देवळासमोर तान्हा पोळा भरला होता. लाकडी बैल घेऊन आलेल्यांत निम्म्याहून जास्त मुलीच होत्या. एक अंतराळवीर झाली होती, एक पोलीस, आणि एक नुसताच नवा फ्रॉक घालून आईचा पदर धरून उभी होती. मुलीनं बैल काऊन आणला, असं कुणीच विचारलं नाही. मी कट्ट्यावर बसून पाहत होते आणि मला तुमच्या निळ्या धोतराची आठवण झाली. तुमच्याशी मी त्याबद्दल कधी बोलले नाही. आपल्या घरात बोलायचं काम तुमचं होतं आणि ऐकायचं माझं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी ही सवय मोडत नाही, म्हणून आज लिहून पाहते.

बैल माझाच होता, पण माझ्यासाठी केलेला नव्हता. माझ्या जन्माच्या आधीच तुम्ही आंजीच्या सुताराला सागाचा बैल सांगून ठेवला होता, कारण घरात सगळ्यांनी मुलगाच होणार असं धरलं होतं. झाले मी, आणि माझ्या पाठीवर कोणी आलं नाही. मग तो बैल वर्ध्याच्या आपल्या खोलीत कोनाड्यात उभा राहिला. त्याला चाकं होती, गळ्यात एक घुंगरू होतं, आणि पाखऱ्या हे नाव मी ठेवलं होतं. दर पोळ्याला कचेरीतून रजा काढून तुम्ही आम्हाला आपल्या गावी आंजीला न्यायचात, आजोबांकडे, म्हणजे आबाजींकडे. पहिल्या दिवशी शेतातल्या खऱ्या बैलांचा पोळा, दुसऱ्या दिवशी पोरांच्या लाकडी बैलांचा. मारुतीच्या देवळापुढे आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असायचं. त्याच्याखाली पोरं ओळीनं बैल उभे करायची. एकेकानं पुढे येऊन झडती म्हणायची, म्हणजे आपल्या बैलाच्या कौतुकाच्या चार ओळी, आणि मग आबाजी त्या बैलाला कुंकू लावायचे आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवायचे, खोबऱ्याचा तुकडा आणि एखादं नाणं. बोजाऱ्याचं मला काही नव्हतं. पाखऱ्याला एकदा तरी ते कुंकू लागावं, एवढंच मला वाटायचं.

त्या निळ्या धोतराच्या आदल्या वर्षी मी धीर करून बैल उचलून देवळापर्यंत गेले होते. मोठ्याबाबांचा, तुमच्या थोरल्या भावाचा, मुलगा म्हणाला, "पोरीचा बैल असते का वं कोठी? तू तोरणामागं बस, आमचे बैल राखजो." आबाजी रागावले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी बैल नाई नेत बाई, आपल्यात रीत नाई." रागावले असते तर बरं झालं असतं. मी गोठ्यात जाऊन बसले. तिथे मोठेबाबा बैलांचे खूर धूत होते आणि धुता धुता झडत्या म्हणत होते. मला तिथे का बसलीस हे त्यांनी विचारलं नाही, आणि त्या दिवशी मला त्यांच्या बऱ्याच झडत्या पाठ झाल्या.

तुम्हाला हे आईकडून कळलं असणार. कारण पुढच्या श्रावणात एका संध्याकाळी तुम्ही घरी येता तेच बोलत येता. चीनशी दोस्तीचे ते दिवस आहेत. आश्रम पाहायला तिकडचे पाहुणे आलेत आणि त्यांना बघायला कचेरीतले सगळे स्टेशनवर गेलेत. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे. तुम्ही पाटावर बसता आणि म्हणता, "सगळ्यायचे कोट एकसारखेच होते. पण एक म्हातारा होता त्यायच्यात, त्याचा झगा पाह्यण्यासारखा. पायघोळ, निळा, गळ्याशी उभी पट्टी, अन् बटणं कशाची तं दोरीच्या गाठीची. साऱ्या स्टेशनानं त्याले हार घातले. कोणी त्याले विचारलं नाई, बाबा तू कोण्या रीतीचा."

"बरं मग?" आई म्हणते.

"आबाजी नातीले नाई म्हणतेत. पाहुणीले म्हणतीन काय?"

"कोण पाहुणी?"

तुम्ही माझ्याकडे बघता. आई भाकरी उलटते आणि म्हणते, "कचेरीत काम करता का हेच डोक्शात घेऊन बसता हो दिवसभर?" पण ती हसते आहे. तुम्ही माझ्यापुढे वाकता आणि हळूच सांगता, "तुले काई बोलाचं काम नाई. चीनच्या बाईले आपली भाषा येतच नाई. मी सांगीन सारं." त्यानं माझी निम्मी भीती गेली, बाबा. बैल न्यायची रीत नव्हती हे एक, आणि चार लोकांसमोर माझ्या तोंडातून शब्द फुटत नसे हे दुसरं. तुम्ही एकाच झग्यात दोन्ही झाकून टाकलं.

तुम्ही खादीशिवाय दुसरं काही घालत नव्हता, त्यामुळे झगाही खादीचाच होणार होता. तुमचं एक विरलेलं धोतर निघालं. त्याला निळा रंग द्यायचा तर घरात कपड्यांची नीळ होती. आई म्हणाली, नीळ पक्की नसते, सुटते. तुम्ही म्हणालात, मीठ घातलं की पक्की होते, आणि मूठभर मीठ टाकून धोतर बादलीत बुडवलं. जुन्या वर्तमानपत्रावर तुम्ही झगा काढून दिला आणि आईनं तो हातानं शिवला. दोरीच्या गाठी काही तिला जमेनात, तेव्हा तिनं परकराच्या नाडीच्या गाठी केल्या. टोपी मोडक्या छत्रीच्या काळ्या कापडाची झाली आणि तिच्या शेंड्यावर तुमच्या हातावरच्या राखीचा लाल गोंडा बसला. पुढे किती तरी वर्षांनी एका पुस्तकात मी तसल्या झग्याचं चित्र पाहिलं. त्याची बटणं उजव्या अंगाला होती. आपली डाव्या अंगाला आली होती. तुम्ही त्या म्हाताऱ्याला समोरून पाहिलं होतं आणि जसं दिसलं तसं काढलं. समोरून पाहिलेला माणूस अंगावर चढवताना उलटा होतो, हे तुमच्या ध्यानात आलं नव्हतं. मला त्या पुस्तकापुढे बसून इतकं हसू आलं की शेजारच्या बाईंनी पाणी आणून दिलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ऊन फार होतं, पोळ्याच्या दिवसांत पडतं तसलं चिकट. आईनं मला मोठ्याबाबांच्या मागच्या खोलीत तयार केलं आणि तुम्ही मला मागच्या दारानं देवळाकडे नेलं. पाखऱ्या मी छातीशी घट्ट धरला होता. तुम्ही पुढे होऊन मोठ्यानं म्हणालात, "आबाजी, चीनच्या पाहुणी आल्या हायेत. आपला तान्हा पोळा पाहाले आल्या, अन् येताना बैल घेऊन आल्या."

सगळे वळून बघायला लागले. मोठ्याबाबांचा मुलगा म्हणाला, "हे तं आपलीच—" आणि मोठ्याबाबांनी त्याच्या पाठीत हळूच एक चापट घातली. "चूप रे. पाहुणी हाय."

आबाजी उठून जवळ आले. त्यांनी मला ओळखलं नसेल असं मला तेव्हा वाटलं. घामानं झग्याची नीळ सुटायला लागली होती. मी बाहीनं तोंड पुसलं होतं, म्हणजे गाल निळा झाला असणार, आणि पाखऱ्याची पाठही. आबाजींनी टोपीच्या गोंड्याला बोट लावलं. मग पाखऱ्याकडे पाहिलं, आणि त्या बैलाकडे बघतच म्हणाले, "पाहुणीले नाई कसं म्हणाव? पण झडती पाह्यजे बावा. बिन झडतीचा कुकू नाई. चीनचा राजा आला तरी नाई."

"तिले मराठी येत नाई आबाजी. तिच्यातर्फे मी म्हणतो." तुम्ही घसा साफ केला. "वखरापुढं पाखऱ्या जाई... वखरापुढं पाखऱ्या जाई... वखरामागं..."

"वखरामागं माणूस असते रे बाबू, बैल नाई," कुणीतरी मागून म्हणालं. "वर्ध्याले राहून राहून विसरला वाटते." सगळे हसले. तुम्ही पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा तिथंच अडलात. आबाजी करंगळीजवळच्या बोटावर कुंकू घेऊन थांबलेले. पाखऱ्या तोरणाखाली एकटा उभा.

आणि मग मी ऐकलं की कोणीतरी म्हणतंय:

"वखरापुढं पाखऱ्या जाई,
काळ्या मातीले भीत नाई,
खाल्ल्या कडब्याले जागते बाई,
त्याच्यासारखा दुसरा नाई,
एक नमन गौरा पार्वती, हर हर महादेव."

ती मी होते. पोरांनी सवयीनं "हर हर महादेव" उचललं. आबाजींनी पाखऱ्याच्या कपाळावर कुंकू लावलं, माझ्या हातावर बोजारा ठेवला आणि तुमच्याकडे वळून म्हणाले, "काऊन रे, चीनमंदी बी आपल्याच झडत्या म्हणतेत काय?" तुम्ही म्हणालात, "म्हणत असतीन आबाजी. दोस्तीच तेवढी हाय." त्यानंतर आबाजी असेपर्यंत मी दर वर्षी बैल नेला, आणि झगा घालायची गरज पडली नाही. झग्याची आईनं उशीची खोळ केली. पुढे चीनशी लढाई झाली तेव्हा त्या खोळीवर तुम्ही डोकं ठेवून रेडिओ ऐकत पडलेले मला आठवता. कोणी तुम्हाला त्या दोस्तीवरून चिडवलं की तुम्ही म्हणायचात, "माह्या ओळखीची चीनची एकच पाहुणी होती अन् ते चांगली होती."

माझा मुलगा पाळण्यात असताना तुम्ही आमच्याकडे राहायला आला होतात. एका दुपारी मी स्वयंपाकघरात होते आणि पाळण्याची कडी वाजत होती. तुम्ही त्याला तीच झडती म्हणत होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठेही न अडता, पुन्हा पुन्हा. मी हातातलं ताट खाली ठेवून दाराशी आले. तुम्ही मला पाहिलं आणि थांबलात.

घरात मात्र ही गोष्ट नेहमी एकाच प्रकारे सांगितली जायची. बाप अडकला म्हणून अबोल पोरगी बोलली, बापाची लाज राखली. आई सांगायची, मोठेबाबा सांगायचे, आणि मी मान हलवायचे. आज नातवानं पाखऱ्याला हातात घेऊन विचारलं, आजी, याची पाठ निळी का? तेव्हा मीही तीच सांगायला लागले आणि मध्येच थांबले. हे पान मी कपाटात पाखऱ्याच्या पायाखाली घालून ठेवणार आहे, आणखी कुठे पाठवणार. पण तुम्हाला तरी खरं कळू दे. तुम्ही मुद्दाम अडलात की खरंच विसरलात, हे मला माहीत नाही. तुमची लाज राखायचं त्या वेळी माझ्या मनातसुद्धा नव्हतं. तुम्ही घसा साफ केलात तेव्हाच माझ्या तोंडात पहिली ओळ येऊन थांबली होती. पाखऱ्या माझा होता आणि त्याचं कौतुक दुसऱ्या कुणी करावं हे मला सहन होत नव्हतं, तुम्हीसुद्धा. तुम्ही अडलात ते बरं झालं, बाबा. नाहीतर मी सगळ्या गावासमोर तुमचं बोलणं तोडलं असतं.