आईच्या दंडाला न पुरलेला पट्टा

आई, आज दवाखान्यातून चालतच घरी आले आणि पिशवी ठेवल्या ठेवल्या तुला लिहायला बसले. तुला जाऊन आता इतकी वर्षं झालीत की या घरात तुला पाहिलेलं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही.

मोतीबिंदू झाला तेव्हा तू शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवायचीस. ते मोठं पातेलं ढवळून ढवळून तुझे दंड पैलवानासारखे झाले होते, खांद्याशी रुंद आणि कोपराकडे निमुळते. डोळ्यांवर पडदा आला तशी तू तांदूळ बोटांनीच चाचपून निवडायला लागलीस. एक दिवस खिचडीत खडा निघाला आणि मोठ्या बाई तुला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मावशी, आधी डोळे करून घ्या, मग या." त्या रागावल्या नव्हत्या, पण त्या दिवशी तू घरी येऊन जेवली नाहीस.

मग आपल्या दोघींच्या नाशिकच्या दवाखान्यात खेपा सुरू झाल्या. दर वेळी ऑपरेशनच्या सकाळी बी.पी. बघायचे आणि आपल्याला परत पाठवायचे. "खूप वाढलंय आजी, अशात डोळ्याला हात लावता येत नाही." गोळ्या वाढवल्या. त्यांनी तुला भोवळ यायची, भिंतीला धरून मोरीत जायचीस. मीठ सोडलंस, लोणच्याची बरणी शेजारी देऊन टाकलीस, तरी पारा आपला तिथेच. एका खेपेला तर हवा भरता भरता दंडाला बांधलेला बी.पी.चा पट्टाच चर्रकन सुटला. बाकावरच्या दोघी हसल्या. तू पदर ओढून दंड झाकलास आणि सिस्टरला म्हणालीस, "माझा दंडच मेला लय जाड." चूक तुझीच असल्यासारखी.

त्या सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी पट्टा पुन्हा तुझ्या दंडाभोवती नुसताच धरून बघितला. "दंडाला काय झालंय, आजी? पट्टा लहान आहे." मग मला जवळ बोलावून दाखवलं. पट्ट्याच्या आतला फुगा तुझ्या दंडाला जेमतेम अर्धा वळसा घालत होता. "फुगा पुरला नाही ना, की नस दाबायला जास्त हवा भरावी लागते. मग पारा उगाच वर दाखवतो." त्यांनी दुसऱ्या वॉर्डातून रुंद पट्टा आणवला. तुला पाठ टेकून बसवलं, हाताखाली उशी दिली, आपल्या दोघींना गप्प राहायला सांगितलं. मी खिडकीबाहेर बघतेय, तू तुझ्या धूसर डोळ्यांनी माझ्याकडे. हवा सुटायचा आवाज थांबतो. "थोडंसं वर आहे," सिस्टर म्हणतात, "पण एवढ्यासाठी कुणी ऑपरेशन अडवत नाही." डॉक्टरांनी येऊन स्वतः पुन्हा मोजलं, तुझ्या गोळ्या कमी केल्या आणि त्याच आठवड्यात ऑपरेशन केलं.

डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा तू किती तरी वेळ माझ्याकडे बघत राहिलीस. "किती वाळलीस गं," तू म्हणालीस. "मला कुणी सांगितलं कसं नाय?" मला तेव्हा रडूच फुटलं. पुढच्या महिन्यात तू शाळेत पुन्हा पातेल्यापाशी उभी होतीस.

माझे दंड तुझ्यावर गेलेत. गेल्या आठवड्यात दवाखान्यात बी.पी. वाढलेलं निघालं, तेव्हा मी सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "मोठा पट्टा आहे का?" तिथल्या मुलीने शोधून आणला, नीट बसवला. मला खात्री होती की आता आकडा खाली येणार. मनातल्या मनात मी हसूनही घेतलं होतं. आकडा थोडाच उतरला. आज पुन्हा त्याच मोठ्या पट्ट्याने मोजलं, दोन्ही हातांना, शांत बसवून.

पट्टा बरोबर आहे, आई. बी.पी. माझंच वाढलंय. आजपासून गोळी सुरू झाली, कदाचित कायमची. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. हा कागद कुठे जाणार नाही हे माहीत आहे, पण पहिल्यांदा तुलाच सांगावंसं वाटलं. मला भीती वाटतेय गं.