आमच्या उसातली वाघाटी

११ जानेवारी

बिबट्या! बिबट्या! — सकाळपासून गावात एवढंच. आणि निघालं काय? वाघाटीची दोन पिल्लं! आमच्याच उसात, तोडणीवाल्यांना सापडली. अप्पांनी — माझ्या सख्ख्या बापानं — घमेल्यात घालून चावडीवर आणून ठेवली. सेल्फीला ही झुंबड!

घसा फोडून सांगितलं, हे रानमांजर आहे, मोठं झालं तरी घरच्या मांजरापेक्षा बारकं, उंदरावर जगतं, आता दिसेनासं होत चाललंय. रानमांजरं वाचवायच्या संस्थेत नोकरी करते मी, फुगे विकत नाही! सरपंच अमरसिंहदादा म्हणतात, "तू गप गं क्रांती. ठिपकं दिसत न्हाईत व्हय?"

शेवटी टोळीचा मुकादमच टरकला. "मादी चवताळली तर माझी माणसं फाडंल." मग पिल्लं जिथली तिथं नेऊन ठेवली. माझ्या शब्दाला किंमत शून्य, भीतीला सगळी. असू दे. पिल्लांना आई मिळाल्याशी कारण.

१२ जानेवारी

टोळी दुसऱ्याच्या फडात गेली. आमच्या उसाकडं कुत्रंसुद्धा फिरकत नाही. अप्पा माझ्यावरच डाफरतायत — ऊस वाळाय लागला, वजन घटाय लागलं. बिबट्याला काय बोलणार, पोरगी हाताशी आहे!

१३ जानेवारी

पिल्लांजवळ लावून ठेवलेल्या कॅमेऱ्यात आई आली! पिल्लांना चाटत बसलेली, एवढीशी. बांधावर बसून रडले येड्यासारखी. पिल्लं जरा चालाय लागली की तीच दुसरीकडं घेऊन जाईल. तेवढे दिवस ऊस उभा राहू दे. बाकी काही नको मला.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटला. गोड बोलवत नाही कुणाशी.

१५ जानेवारी

ग्रामपंचायतीत बैठक. बायका रानात जाईनात, पोरं शाळेला जाईनात. अमरसिंहदादांचा तोडगा — मेलेल्या कोंबडीत थिमेटचं विष घालून बांधावर टाकायचं! "वनखात्याची वाट कवा बघायची?"

मोबाईल काढला. उसाला खेटून उभ्या असलेल्या पिल्लांच्या आईचा फोटो सगळ्यांच्या नाकासमोर फिरवला. हे बघा, दुसऱ्या कांड्यापर्यंतसुद्धा पोचत नाही ती! मुकादमानं निरखून बघितलं. "आयला, मांजारच हाय की हे!" अख्खी बैठक खदाखदा हसली. "दादा, ह्याला मारायला निघालावता व्हय?" दादांचं तोंड बघण्यासारखं झालेलं. विषाचा विषय तिथंच संपला.

घरी येताना अप्पा म्हणाले, "तुझंच खरं निघालं की पोरी." जन्मात पहिल्यांदा म्हणाले. इतका राग होता माझा त्यांच्यावर, सगळा उतरला.

१७ जानेवारी

जयसिंगपूरच्या शाळेत वाघाटीवर बोलून आले. येऊन बघते तर आमचा फड काळा पडलाय. वाळला पाला जाळून दिला तरच तोडू म्हणाली टोळी. चारी बाजूंनी पेटवला. काडी अप्पांनी ओढली.

"अप्पा, पिल्लं होती की आत!"

"मांजराचीच न्हवं? तूच सांगितलंस की गावाला. बिबट्या असता तर कोण गेलं असतं तिकडं?"