जिजूंना दाखवलेला ग्राफ

३ मार्च
—म्हणून तर मी आईला म्हणत होते, दर वेळी ताईलाच का बोल लावायचा? दुसऱ्यांदा बाळ गेलं तिचं पोटातलं. तिसरा महिना होता. तिच्या सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या म्हणे, "दिसायला धडधाकट, पण आतून नाजूकच." ताई भाजीच निवडत राहिली. मी असते तर—!
ती एकतीस. जिजू एकावन्न. त्यांचं वय कुणी मोजतच नाही.

५ मार्च
कॉलेजच्या प्रोजेक्टला हाच टॉपिक घेतला. वडिलांचं वय. वाचायला बसले की उठावंसंच वाटत नाही! पुरुषाच्या शरीरात शुक्राणू आयुष्यभर नवे बनत राहतात, आणि दर कॉपीत बारीक बारीक चुका साठत जातात. त्यामुळे वय वाढलं की गर्भ पडायचा धोका थोडा वाढतो, बाळाला काही आजार असण्याचाही. तरी बहुतेक बाळं ठणठणीत असतात. मॅडमनी दोनदा बजावलं, धोका म्हणजे कारण नव्हे. हो हो, टाकली एक स्लाइड.

९ मार्च
जिजूंच्या चष्म्याच्या दुकानात गेले. या डॉक्टरीणबाई, नंबर वाढला का, म्हणून आधी चेष्टा झाली. मग मी लॅपटॉप उघडून बापाच्या वयाबरोबर धोका चढत जाणारा ग्राफ दाखवला. मॅडमची स्लाइड मात्र गाळली. सासूबाई समोरच बसल्या होत्या, त्यांच्यापुढे माझा मुद्दा ढिला पडला असता.
सासूबाई उठून घरी निघून गेल्या. जिजू काच पुसत होते. एकच काच, कितीतरी वेळ.
"म्हणजे दोन्ही वेळा माझ्यामुळे."
मी नाही म्हणाले नाही.

१४ मार्च
जिजूंनी डॉक्टरांची पुढची अपॉइंटमेंट रद्द केली. आता मूल नकोच म्हणतात, तिला तिसऱ्यांदा यातून नेणार नाही. मी फोन करून गाळलेल्या स्लाइडचं सगळं सांगितलं. तर म्हणाले, मला बरं वाटावं म्हणून बोलतेयस तू.

१५ मार्च
ताई आली होती. चिडली असती तर बरं झालं असतं. जिजूंच्या वयाचं डॉक्टरांनी तिला पहिल्याच वेळी सांगितलं होतं. तिनेच घरात कळू दिलं नाही.
"ते लगेच माघार घेणार, माहीत होतं मला. त्यापेक्षा सासूबाईंचं बोलणं परवडत होतं."
मी तिच्याच बाजूने बोलले होते. आता डायरी, तूच सांग, तिला जास्त कुणी दुखावलं—सासूबाईंनी, की मी?