गौतमीनं ताईला सांगितलं

प्रिय लिंबाजी,

जयभीम. तू किनवटला लाकडाच्या कामावर पोचलास, हे ट्रकवाल्या वीरभद्रानं सांगितलं. इकडं आडात नुसता गाळ हाय. लातूर जिल्हा झाला म्हणून मुरुडला पेढे वाटले, पर टँकर आपल्या वस्तीत शेवटीच येतो. ते ऱ्हाऊ दे. मला लई आनंद झालाय अन् सांगायला घरात मोठं माणूस न्हाई, म्हणून दुसरीपर्यंतच्या शाळेवर मीच लिहायला बसले. हसू नको.

तुझी थोरली पंचशीला सुट्टीला आली. परीक्षा होईस्तोवर सिंधू, तिची आई, गेल्याचं तिला कळवायचं न्हाई, असं तूच म्हणाला होतास. पोरगी वसतिगृहातनं हसतच आली, आईसाठी कागदाची फुलं घेऊन. आता आपल्याकडची रीत तुला ठाऊक हाय, बाहेरगावचं माणूस आलं की बायांनी गळ्यात पडून आकांत करायचा, त्यातनंच त्याला कळायचं. कमलम्मा अन् साऱ्याजणी धावल्या. पर बहिऱ्या लेकराला आकांत कुठला ऐकू यायला? एकेकीच्या उघड्या तोंडाकडं बघत राहिली, अन् काय झालं ते आईलाच विचारायला आत निघाली.

तेवढ्यात धाकटी गौतमी आली. आई मेली तरी मातीत खेळती, हिला काय कळतंय, असं ह्याच बाया म्हणायच्या. अन् खरंच, आधी गौतमी कशी होती आठव. तिच्या मनात काय हाय ते समद्यांना ठावंच असणार, असं वाटायचं तिला. न्हाई कळलं की भांडी आदळायची. दोघीबी बहिऱ्या, पर थोरलीनं शाळेतनं हाताची बोली आणली अन् दर सुट्टीत धाकटीला बोलतं केलं. आपल्याला ठावं हाय ते ताईला ठावं न्हाई, हे त्या दिवशी तिलाच उमजलं. पंचीला आत नेलं. आधी पाणी पाजलं. मग हनुवटीवर बोट टेकलं, सिंधूच्या गोंदणावरनं पाडलेली आईची खूण, अन् हात आडवा करून डोळे मिटले. पंची मान हलवत राहिली, न्हाई न्हाई. धाकटीनं पुन्यांदा तेच केलं. मग हातानंच म्हणाली, आई तुझीच वाट बघत होती, तुझी वेणी घालायची होती तिला.

खोटं रे! तापात सिंधूनं डोळे उघडले न्हाईत, उशाला गौतमीच तर होती. सांगताना माझ्याकडं अशी बघितली, की आजी, तू गप. मीबी होय म्हणून मान डोलावली. काय ऐकलं की ताईला सोसंल, हे एवढ्याशा जिवाला कळलं बघ! सून गेल्यापासनं पहिल्यांदा हसले, रडता रडता.

आता का लिहिलं ते सांगते. तू निरोप धाडलास, पंचीला परत पाठवू नको, चुलीला माणूस पाहिजे. चुलीला मी हाय की. उलट गौतमीचंबी नाव शाळेत घाल, त्याला बाप लागतो. मी एकटी ऱ्हाईन, बोलायला कोंबड्या हायत. तुझा निरोप पोरींना सांगितलेला न्हाई. पंचीनं पेटी भरून ठेवलीय अन् मला न विचारता धाकटीचा परकरबी आत घातलाय. तो बाहेर काढायला माझा हात होत न्हाई. काढायचा असंल तर तूच येऊन काढ.

तुझीच आई,
नागुबाई