दुसरी सही

ता. ९, सोमवार सकाळ

ती. ताईस,
नमस्कार. मुलांना पापे. आईचा गुडघा सुधारलाय. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते, म्हणजे तब्येत ठणठणीत.

हे चौथं पत्र. तीन फाडली. तू विचारलंस, "हे रजेवर आलेत ना? धड जेवत नाहीत, विचारलं की अंगावर येतात." दाजी रजेवर नाहीत. चौकशी संपेपर्यंत त्यांना घरी बसवलंय.

अणुभट्टी बंद केली तरी आतलं इंधन कित्येक दिवस तापतच राहतं, त्याला पाणी द्यावंच लागतं. नेहमीचा पंप बिघडला तर म्हणून एक राखीव असतो. त्याची दुरुस्ती झाली. मग दाजींनी त्याचा व्हॉल्व्ह उघडून सही करायची आणि नंतर मी एकट्याने जाऊन, स्वतःच्या हाताने चाक फिरवून बघून दुसरी सही करायची. बरोबर जायचं नाही, एकमेकांना विचारायचंही नाही.

मी गेलोच नाही.

खाली उकाडा, तीन जिने, कपडे बदलायची कटकट. ज्यांनी मला पाना धरायला शिकवलं, त्यांचं काम मी काय तपासणार? ठोकली सही. दाजी त्या दिवशी चुकून शेजारचा व्हॉल्व्ह उघडून आले होते.

महिन्याच्या चाचणीत पंप फिरला, पाणी आलं नाही. नशीब, तेव्हा त्याची गरज नव्हती. चौकशीत दाजी म्हणाले, "त्याने तपासला तेव्हा उघडा होता. नंतर माझ्याच हातून बंद झाला." बाहेर येऊन मला दटावलं, "गप बस. तुझी परवान्याची परीक्षा तोंडावर आलीय. माझी काय, नोकरीची दोनच वर्षं राहिलीत."

आणि मी गप बसलो, ताई. आठ दिवस. घरभर येरझारा घालतो. आई म्हणते, "पायाला भिंगरी लागलीय का रे?"

पुन्हा कोणाच्या हातून बंद होऊ नये म्हणून चौकशी समिती आता त्या व्हॉल्व्हला कुलूप लावायला निघालीय. न जाता सही करणारा मी मात्र मोकळाच.

दहा वाजता समितीपुढे जाऊन खरं सांगणार आहे. परीक्षा जाईल, बहुधा नोकरीही. दाजींचं खोटंही उघडं पडेल, याचीच जास्त भीती वाटते. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी अडवलं असतं, म्हणून विचारलं नाही. पत्र पोचेल तोवर सांगून झालेलं असेल. चिडतील, चिडू दे. तू त्यांना पोटभर वाढ आणि सांग, मी तेव्हा खाली उतरलो असतो तर त्यांची चूक पाच मिनिटांत सापडली असती.

भाऊ म्हणवून घ्यायची आज लाज वाटते, तरी तुझाच,
धाकटा