बसून करता येण्यासारखं काम

३ फेब्रुवारी
विमा कंपनीचं पत्र आलं. दीर्घकालीन अपंगत्वाचा दावा नामंजूर. म्हणे मी 'बसून करता येण्यासारखं काम' करू शकतो. छापखान्यात बावीस वर्षं मशीनवर उभा राहिलो, पाठीची चकती सरकली, चौदा महिने घरी आहे. आणि हे म्हणतात, बसा.
अपील करायला साठ दिवस. भरपूर झाले. दहा पानी अपील लिहिणार. रोज एक पान म्हटलं तरी पंधरवड्यात काम फत्ते. बायको म्हणाली, मी मदत करते. नको म्हणालो. विषय टेक्निकल आहे.

५ फेब्रुवारी, सकाळी १०
अपील लिहायला बसलो.

५ फेब्रुवारी, सकाळी १०.१२
आडवा झालोय. खुर्ची बरोबर नाही.

६ फेब्रुवारी
पडून लिहायचा प्रयत्न. उताणं लिहिताना पेन चालत नाही. मुलीला पेन्सिल आणायला सांगितली. पेन्सिल आली की वेग येईल.

१२ फेब्रुवारी
डॉक्टरांकडून फाइलची कॉपी आणली. चौदा भेटी. त्यांपैकी अकरा वेळा लिहिलंय, 'रुग्ण म्हणतो, बरं आहे.' कंपनीने नेमकी तीच वाक्यं उचलली आहेत. डॉक्टरांना जाब विचारला. ते म्हणाले, तुम्हीच तसं सांगता. मी म्हणालो, ते आपलं बोलायची पद्धत म्हणून. ते म्हणाले, बरं, मग आज कसं वाटतंय? मी म्हणालो, आज बरं आहे.
त्यांनी लिहून घेतलं.

२० फेब्रुवारी
अपिलासोबत द्यायचा फॉर्म भरतोय. प्रश्न: कपडे स्वतः घालता का? 'हो' लिहिलं. मोजे, बूट आणि पँट बायको चढवते, पण शर्ट माझा मी घालतो. सरासरी काढली तर हो.
प्रश्न: अंघोळीला मदत लागते का? हा खासगी प्रश्न आहे. जागा कोरी सोडली.
बायकोने फॉर्म मागितला. झाकून ठेवला.

२७ फेब्रुवारी
पत्रासोबत तीन फोटो होते. त्यांबद्दल इथे लिहिलं नव्हतं, कारण मुद्दा किरकोळ आहे. कंपनीच्या माणसाने समोर उभ्या केलेल्या गाडीतून काढलेत. त्यात मी खांद्यावर पोतं घेऊन जिन्याकडे चाललोय. हसतोय.
पोतं मातीचं, कुंड्यांसाठी. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचं. शाळेत व्यायाम शिकवायचे, आता वय सत्तर. पोतं स्वतःच नेत होते. मला बघून म्हणाले, तुम्ही राहू द्या, तुमचं ते दुखणं. कसंतरीच झालं. द्या इकडे, म्हणालो. दोन मजले चढवलं. घरी आलो तो अकरा दिवस उठलो नाही.
बायकोला सांगितलं, बाथरूममध्ये पाय घसरला. तिने बाथरूमभर रबरी मॅट टाकून घेतली.
फोटोंचं पाकीट कपाटात, वरच्या कप्प्यात.

८ मार्च
युक्ती सुचली. पोत्यानंतर मी अंथरुणाला खिळलो होतो असं मास्तरांनी लिहून द्यायचं, की फोटोंची हवाच गेली. जिना चढून गेलो. चार वेळा थांबलो, पण चौथ्यांदा दारापाशीच, तो धरायचा नाही.
मास्तर म्हणाले, हवं ते लिहून देतो. पोतं काय फुलासारखं उचललंत तुम्ही! नंतर दिसला नाहीत, गावाला गेला होतात ना?
हो, गावाला, म्हणालो. त्यांना तसं मीच सांगितलं होतं.
मग त्यांनी चहा दिला. उभ्यानेच घेतला. बसलो असतो तर उठताना त्यांचा हात धरावा लागला असता. लिहून काही घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात बघू.

१५ मार्च
अपिलाचं सव्वा पान झालं आहे. सुरुवात फार जोरदार आहे.

१९ मार्च
बायकोला पाकीट सापडलं. ती वरच्या कप्प्यातली चादर काढत होती. मला वाटलं होतं, तिथे हात जायचा नाही. माझा जात नाही.
तिने तिन्ही फोटो पलंगावर मांडले. तारीख बघितली. म्हणाली, म्हणजे बाथरूममध्ये पाय घसरला नव्हता. मी म्हणालो, मास्तर सत्तर वर्षांचे आहेत. ती म्हणाली, अहो, अकरा दिवस मी रजा काढून तुम्हाला उचलत होते. ते सगळं मास्तरांना तुम्ही बरे दिसावेत म्हणून?
 
तिने फोटो पाकिटात घातले आणि मॅट धुवायला गेली. बराच वेळ धूत होती.

२२ मार्च
तीन दिवस कामापुरतंच बोलणं. मोजे चढवताना ती वर बघत नाही. आज मी म्हणालो, राहू दे, मी घालतो. तिने मोजा हातात दिला आणि दारात उभी राहिली. वीस मिनिटं. मोजा अंगठ्यापर्यंत गेला. मग ती आली आणि तिने तो चढवला.
फॉर्म तिला दिला.

२ एप्रिल
अपील गेलं. मुदतीच्या दोन दिवस आधी. माझं सव्वा पान, पेन्सिलने. बायकोचं निवेदन सहा पानं, मुलीने टाइप केलेलं. मास्तरांचं एक पत्र, ते बायकोनेच वर जाऊन आणलं. त्यांना काय सांगितलं, मी विचारलं नाही. मास्तर आता जिन्यात भेटले की आधी मला वाट देतात.
तिची सहा पानं वाचली नाहीत. वेळ मिळाला नाही.

२८ एप्रिल
कंपनीच्या डॉक्टरकडे तपासणी. रात्रभर ठरवत होतो, खरं तेच सांगायचं. घरून निघताना बायकोनेही बजावलं. ती बाहेर बसली.
डॉक्टर मुलगी निघाली, आमच्या मुलीपेक्षा फार तर चार वर्षांनी मोठी. नम्र. तिने विचारलं, काका, किती वाकता येतं? जितकं जमेल तितकंच.
पूर्ण वाकलो. हात जमिनीला टेकले.
मग वर येता येईना.
ती म्हणाली, काका, सावकाश. मी म्हणालो, काही नाही, जरा फरशी बघतोय. घाम फरशीवर पडत होता. तिने दार उघडून बायकोला बोलावलं. बायको आली, एक हात छातीखाली घातला, एक कमरेला, रोज घालते तसा, आणि मला उभा केला. डॉक्टरने विचारलं, हे रोज करावं लागतं? बायको म्हणाली, दिवसातून चार-पाचदा. मग तिने वाकून माझे बूट घातले, नाड्या बांधल्या. डॉक्टर लिहीत होती.
मी भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता वाचत होतो. बायकोच्या केसात मागच्या बाजूला इतकं पांढरं आहे, हे वरूनच दिसतं.

१९ मे, संध्याकाळी
दावा मंजूर. पत्र आलं. अपील जिंकलं!
बायको घरी नव्हती, म्हणून दोनदा वाचून काढलं. दुसऱ्या परिच्छेदात आहे: 'अर्जदार स्वतःच्या स्थितीबद्दल भरवशाची माहिती देत नसल्याने त्यांचे निवेदन विचारात घेतलेले नाही. निर्णय पत्नीच्या निवेदनावर आणि तपासणीवर आधारित आहे.'
ती आल्यावर म्हणाली, वाचून दाखवा ना. मुलगीही येऊन बसली. मी पडून, मोठ्याने वाचलं. पहिला परिच्छेद वाचला, मग तिसरा.
बायको म्हणाली, मधलं राहिलं. पत्र सकाळीच आलं होतं, मीच उघडून, वाचून टेबलावर ठेवलं होतं, ती म्हणाली.
मधलं वाचलं.