शनिवारचं पाणी

३ जानेवारी, शुक्रवार

इसाक आप्पाने मोटारीला ऑटो बसवला! विहीर सामाईक, मोटारी दोन. पण आप्पा पडला ज्यू — शुक्रवारी दिवस मावळला की शनिवार मावळेपर्यंत विजेच्या बटणाला हात लावत नाही. सात वर्षं शनिवारचं सगळं पाणी आमच्या कांद्याला. आता लाईट आली की त्याची मोटार आपोआप चालू.

भांडायला गेले. म्हणाला, "बटण दाबणं म्हंजी आमच्यात इस्तू पेटवल्यागत. शनिवारी पेटवायचा न्हाई. पण शुक्रवारीच लावून ठिवलं आन् आपलं आपण चाललं, तर चालतं." दौंडला रेल्वेत वायरमन होता, असल्या खटपटी बऱ्या जमतात मेल्याला.

४ जानेवारी, शनिवार

विहीर तळाला गेली, आमचे सहा वाफे कोरडे. त्याचा पाइप उपटला आणि त्याच्याच अंगावर फेकला. कपाळ फुटलं. बरं वाटलं — खोटं कशाला लिहू.

१० जानेवारी, शुक्रवार

गोकुळला सांगितलं, उद्या लाईट यायच्या आत त्याचा ऑटो तोडून टाक. "ताये, म्हातारं मानूस हाय, जाऊ दे की." बायल्या म्हणाले त्याला. धाकटा भाऊ, माझा शब्द मोडत नाही. जाईल.

११ जानेवारी, शनिवार

लाईट वेळेआधी आली. गोकुळचा हात ऑटोच्या पेटीत होता.

मी पोचले तेव्हा तो चिखलात पडलेला, बोटं काळी. आप्पा शेजारी गुडघ्यावर. "मी खटका पाडलाय, पोरी. उचल त्याला लवकर."

शनिवारी? आणि हा खटक्याला हात लावणार? माझा भाऊ तडफडताना बघत बसला असणार, वर थापा! खोऱ्याचा दांडा उचलला आणि हाणला. दुसऱ्या फटक्याला हाड मोडल्याचा आवाज आला, तरी तिसरा हाणला. खाली पडून एकच धोशा — "आधी त्याला दवाखान्यात न्या."

दोघांनाही शिरूरला एकाच दवाखान्यात आणलं. पोलिसांना लिहून दिलं — आप्पाच्या ऑटोमुळे झालं, आणि शनिवार म्हणून त्याने खटका पाडला नाही. गोकुळला मी पाठवलं होतं, ते लिहिलं नाही.

१२ जानेवारी, रविवार

शुद्ध नाही अजून. गोकुळ गेला तर म्हाताऱ्याला जिवंत सोडणार नाही.

१३ जानेवारी, सोमवार

गोकुळ बोलला. "चिकटलो व्हतो ताये. आप्पा पळत आले, खटका पाडला, छाती दाबत बसले. सारखं म्हणत व्हते, जीव जात असंल तिथं शनिवार बघायचा न्हाई, आमचा नेमच हाय. कुठं हायेत आप्पा?"

वरच्या मजल्यावर आहेत. माझ्याच तक्रारीवरून त्यांच्या खाटेशी हवालदार बसवलाय. त्याला सांगायला चाललेय, चुकीच्या माणसाजवळ बसलात.